ब्रेक चाकाला लागतो, गाडी रस्ता थांबवतो
(सभासदांसाठी अभ्यास लेख — शेतकी खात्याकडून)



गळीत हंगामाआधी आम्ही दरवर्षी तोडणीचा कार्यक्रम, पक्वता आणि पाचट यांविषयी लिहितो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. ऊस फडातून निघतो तो काट्यावर सुखरूप पोचला तरच आपला. वाटेत वाहतुकीचा अपघात झाला तर उसाचे नुकसान एकवेळ भरून निघते, माणसाचे निघत नाही. अपघात झाला की चावडीवर एकच वाक्य ऐकू येते, "ब्रेक लागला नाही." पुष्कळदा ब्रेक लागलेला असतो, चाकही थांबलेले असते, तरी गाडी पुढे जातच असते. असे का होते, हे आपण आज हिशेबाने समजून घेऊ. हिशेब सातवीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. वहीपेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम.

१. वेग म्हणजे कर्ज, रस्ता म्हणजे हप्ता

चालत्या गाडीच्या अंगात वेगाची ऊर्जा असते. गाडी थांबवायची म्हणजे ती ऊर्जा कुठेतरी खर्ची घालायची. आपण तिला कर्ज म्हणू. हे कर्ज काढायची रीत अशी: वेग सेकंदाला किती मीटर ते घ्या, त्याचा वर्ग करा आणि निम्मा करा. आलेला आकडा हे प्रत्येक किलो वजनामागचे कर्ज.

ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ५ × ५ = २५, निम्मे साडेबारा.
ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. १० × १० = १००, निम्मे ५०.

वेग दुप्पट झाला, पण कर्ज चौपट झाले. ड्रायव्हर म्हणतो, "थोडा वेग वाढवला, काय बिघडतंय?" त्याचे उत्तर या दोन ओळींत आहे.

आता फेड. ब्रेक चाकाला धरतो आणि चाक रस्त्याला धरते. कर्ज फिटते ते टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीतून. या पकडीचे माप म्हणजे घर्षणांक. ढोबळ आकडे असे धरावेत: कोरडा डांबरी रस्ता ०.७, ओला डांबरी रस्ता ०.४, डांबरावर ओला चिखल ०.२. टायर झिजलेला असेल तर ओल्या रस्त्यावर आकडा आणखी खाली येतो.

घर्षणांकाला १० ने गुणले की दर मीटरला फिटणारा हप्ता मिळतो. हे १० म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा आकडा ९.८, सोयीसाठी पुरा केलेला. ताशी ३६ च्या वेगाला, सगळ्या चाकांना चांगले ब्रेक असलेल्या गाडीचा हिशेब पाहा.

कोरडा रस्ता: हप्ता ७, थांबायला ७ मीटर.
ओला रस्ता: हप्ता ४, थांबायला साडेबारा मीटर.
चिखल: हप्ता २, थांबायला २५ मीटर.

गाडी तीच, ड्रायव्हर तोच आणि ब्रेकही तोच. फक्त रस्ता बदलला. शिवाय पुढचे दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर गाडी आणखी १० मीटर पुढे गेलेली असते. ते वेगळे धरावे.

२. रस्ता सगळीकडे सारखा नसतो

वरचा हिशेब एकाच जातीच्या रस्त्याचा झाला. आपला रस्ता मात्र तुकड्यातुकड्यांचा. फडातून ट्रॉली बाहेर निघते तिथे टायरने ओढून आणलेला चिखल, पुढे कोरडे डांबर, ओढ्याच्या फरशीवर ओल, काट्याजवळ मळी सांडलेली आणि त्यावर पाचट. प्रत्येक तुकड्याचा हप्ता वेगळा. तेव्हा हिशेब तुकड्यातुकड्यानेच करावा.

समजा, गाडी ताशी ३६ ने येते आहे. कर्ज ५०. ब्रेक लागल्यावर पहिले २ मीटर डांबर कोरडे: १४ फिटले, राहिले ३६. पुढे १२ मीटर चिखल: २४ फिटले, राहिले १२. त्यानंतर पुन्हा कोरडे डांबर: पावणेदोन मीटरमध्ये उरलेले फिटले. एकूण अंतर जवळजवळ १६ मीटर.

आता चिखल संपतो त्या जागी, म्हणजे ब्रेक लागल्यापासून १४ मीटरवर, एखादे पोर रस्ता ओलांडते आहे असे धरा. कोरड्या रस्त्यावर गाडी ७ मीटरमध्ये उभी राहते. ड्रायव्हरला वाटते, जागा दुप्पट आहे. पण त्या जागी १२ चे कर्ज अजून शिल्लक आहे, म्हणजे गाडी ताशी १८ किलोमीटरच्या आसपास वेगात आहे. रोजच्या रस्त्यावरचा रोजचा अंदाज एका चिखलाच्या पट्ट्याने खोटा पाडला.

अशा जागी घाबरून ब्रेक पुरता दाबला तर चाक जाम होते आणि टायर घासत जातो. घासत जाणाऱ्या टायरची पकड फिरत्या टायरपेक्षा सहसा कमी असते, आणि पुढची चाके जाम झाली तर स्टिअरिंगही ऐकत नाही. हल्लीच्या नव्या मालमोटारींत चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस. यंत्रणा असते. ती आहे ती पकड पुरती वापरते, नसलेली पकड आणू शकत नाही.

३. घरी करून पाहण्याचा प्रयोग

जुन्या टायरचा तुकडा विटेखाली घट्ट बांधा. ही वीट सपाट फरशीच्या तुकड्यावर ठेवा आणि फरशीचे एक टोक हळूहळू उचला. वीट घसरू लागली की थांबा. वर उचललेल्या टोकाची उंची मोजा आणि तिला जमिनीवरच्या आडव्या अंतराने भागा. येईल तो घर्षणांक. मग फरशी ओली करून तेच करा, नंतर आपल्या रानातली काळी माती कालवून फासा आणि पुन्हा करा. आता विटेवर दुसरी वीट ठेवा. घसरण्याची उंची जवळपास तीच येईल. ओझे वाढले तशी पकडही वाढली, म्हणून. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. शाळेत जाणारी मुले हा प्रयोग आनंदाने करतील.

४. बोरघाटाचा धडा

उताराचा हिशेब शिकायला आपल्या महाराष्ट्रात बोरघाटासारखी शाळा नाही. आपला ऊस तिकडे जात नाही, पण देशावरून मुंबईकडे जाणारी साखरेची मालमोटार खंडाळ्यावरून खाली खालापूर तालुक्यात खोपोलीला उतरते. तिकडे कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. घाटाचा पहिला गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर माल्कम यांच्या वेळी खुला झाला. आगगाडी १८६३ मध्ये आली. कर्जतकडून लोणावळ्याला चढताना रेल्वे सुमारे साडेपाचशे मीटर उंची गाठते आणि तीव्र चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर गेले की १ मीटर चढ.

उतार आला की आपल्या हिशेबात नवी बाब येते. ती म्हणजे व्याज. गाडी उतरू लागली की पृथ्वीची ओढ दर मीटरला कर्जात भर घालते. ३७ ला १ उतारावर हे व्याज १० भागिले ३७, म्हणजे सुमारे ०.२७. सोसायटीचे कर्ज घेतलेल्या माणसाला पुढचे सांगायला नको. हप्ता व्याजापेक्षा मोठा असेल तरच कर्ज फिटते. हप्ता कमी पडला तर भरतच राहायचे आणि कर्ज वाढतच राहायचे.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक, म्हणून पकड मुळात कमी. कोरड्या रुळावर ०.२५ धरा, ओल्यावर ०.१. सगळ्या चाकांना ब्रेक असतील तर ओल्या रुळावरही हप्ता १ पडतो, व्याज ०.२७ जाऊन ०.७३ उरते आणि गाडी थांबते. पण जुन्या काळी इंजिनातून एकाच वेळी सगळ्या डब्यांना लागणारे ब्रेक नव्हते. समजा, ब्रेक असलेल्या चाकांवर गाडीच्या एकूण वजनाचा चौथा हिस्साच आहे. मग कर्ज सगळ्या गाडीचे, पण हप्ता चौथ्या हिश्शाचाच. कोरड्या रुळावर तो ०.६२ पडतो, व्याजापेक्षा जास्त, म्हणून गाडी थांबेल. ओल्या रुळावर तोच हप्ता ०.२५ होतो, व्याज ०.२७. आता ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबणार नाही, उलट वेग घेत जाईल. काल थांबलेली गाडी आज थांबली नाही, याचे कारण ड्रायव्हर नव्हे, रुळावरची ओल.

या घाटात पूर्वी गाडीची दिशा बदलण्यासाठी एक उलटफेर स्टेशन होते. जानेवारी १८६९ मध्ये उतरणारी एक मेल गाडी आवरली नाही आणि त्या स्टेशनच्या टोकावरून पुढे गेली. त्याच १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले, आणि काही वर्षांतच त्यांनी त्यात मोठी सुधारणा केली: नळी तुटली, हवा गेली, की ब्रेक सुटण्याऐवजी आपोआप लागावेत. प्रत्येक डब्याला ब्रेक आणि बिघाड झाला तर गाडी उभी, ही दोन तत्त्वे आजही रेल्वे पाळते. उलटफेर स्टेशन १९२९ मध्ये बंद झाले.

घाटात आणखी एक व्यवस्था आहे, तिला कॅच सायडिंग म्हणतात. मुख्य मार्गातून फुटून वर चढणारा आणि टोकाला बंद असा हा रूळ. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा आधी या रुळाकडे लावलेला असतो. गाडी ठरल्या जागी उभी राहिली, म्हणजे ती ताब्यात आहे हे सिद्ध झाले, की मगच तिला खालचा मार्ग मिळतो. न आवरलेली गाडी चढावर जाऊन थांबते. इंजिनात वाळूची पेटीही असते. चाक घसरू लागले की चाकापुढे रुळावर वाळू सोडतात आणि पकड वाढवतात.

कर्जत तालुक्यातलीच नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ पासूनची. तिचा तीव्र चढ २० ला १, म्हणजे व्याज थेट अर्धा. एवढ्या व्याजाला इंजिनाचा एकट्याचा हप्ता पुरणार नाही, म्हणून तिथे डब्याडब्यांवर ब्रेकवाले नेमलेले असत. ते ड्रायव्हरच्या शिटीवर हातब्रेक आवळत. सारांश एकच: ओझे जिथे, ब्रेक तिथे.

५. आपली ट्रॅक्टर-ट्रॉली

आता हाच हिशेब आपल्या दारात लावू. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन धरा. पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, असले तरी जोडलेले नसतात. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना. त्यांच्यावर हुकाचा भार धरून २ टन येतात असे माना. म्हणजे कर्ज २० टनांचे आणि फेडणारे २ टन. हप्ता दहावा हिस्सा.

कोरडे डांबर, सपाट रस्ता: हप्ता ०.७. ताशी १८ ला थांबायला १८ मीटर, ताशी २७ ला ४० मीटर, ताशी ३६ ला ७१ मीटर.
चिखलाचा सपाट रस्ता: हप्ता ०.२. ताशी १८ लाच ६२ मीटर.
चिखल आणि ५० ला १ उतार: हप्ता ०.२, व्याजही ०.२. काहीच फिटत नाही.

चाके फिरताना होणारा थोडा अडथळा यात धरलेला नाही. तो धरला तर अंतर काहीसे कमी भरेल. पण मुद्दा बदलत नाही. ५० ला १ उतार डोळ्याला उतारही वाटत नाही. ओढ्याकडे जाणारा साधा रस्ता असतो तो.

कोणी म्हणेल, आम्ही ब्रेक नाही, इंजिनावर गाडी रोखतो. फारच चांगले. ब्रेक तापत नाहीत. पण इंजिनाचा रोधही त्याच मागच्या दोन चाकांतून रस्त्यावर जातो. चाकाखाली पकड नसेल तर इंजिन तरी कुणाला धरणार? अशा वेळी मागचे १८ टन ट्रॅक्टरला रेटतात, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. उसाच्या थरावर तोडणी कामगार, त्यांच्या बायका, लेकरे बसलेली असतात, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता ट्रॉल्यांचे ब्रेक चालू करा. एकूण वजनाच्या निम्म्या भागाला जरी ब्रेक लागले तरी कोरड्या रस्त्यावर ताशी १८ ची गाडी साडेतीन-चार मीटरमध्ये उभी राहते. चिखल आणि ५० ला १ उतार असतानाही १६ मीटरच्या आत. विटेवर वीट ठेवून पाहिलेला मुद्दा तो हाच. ओझे पकड वाढवते, पण ते ओझे ब्रेकच्या चाकावर असेल तरच. बिनब्रेकच्या चाकावरचे ओझे नुसते कर्ज वाढवते.

मात्र ब्रेक आहेत म्हणून वाटेल तेवढा ऊस भरावा असेही नाही. ब्रेकच्या ड्रमची आणि लायनिंगची ताकद ठरलेली असते. ओझे त्यापलीकडे गेले तर रस्ता पकड द्यायला तयार असतो, पण ब्रेकच अपुरा पडतो.

६. घाटातले तापलेले ब्रेक

लायनिंग आणि ड्रम यांच्यातही घर्षणच असते, आणि तेही बदलते. लायनिंग फार तापले की त्याची पकड पडते. २५ टनांची मालमोटार घाटात ५०० मीटर खाली उतरली तर किती उष्णता होते पाहा. विजेच्या मापात ती सुमारे ३५ युनिट भरते, म्हणजे आपली ५ अश्वशक्तीची मोटार नऊ तास चालेल इतकी. दोनशे लिटरची दोन पिंपे पाण्याला उकळी यावी एवढी ही उष्णता. ती सगळी ब्रेकमध्ये कोंडली तर ब्रेक टिकणार कसे?

म्हणून खालचा गिअर. इंजिन रोध करते, उष्णता इंजिनातून बाहेर जाते आणि ब्रेक थंड राहतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारा ड्रायव्हर चार रुपये वाचवतो आणि सगळे व्याज ब्रेकच्या अंगावर टाकतो. २६ जुलै २०२५ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोली हद्दीत, अडोशी बोगद्याच्या परिसरात, उतरणाऱ्या एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले आणि त्याने पुढच्या वीसेक वाहनांना धडक दिली. त्यात एका महिलेचा जीव गेला आणि अनेक जण जखमी झाले. कंटेनर एक, पण भोगले किती जणांनी!

७. हंगामात पाळावयाच्या गोष्टी

(१) ट्रॉलीला ब्रेक असावेत आणि ते जोडलेले असावेत. ट्रॉली पुढे रेटली की आपोआप लागणारे किंवा ट्रॅक्टरवरून हवेने-तेलाने चालणारे, दोन्ही प्रकार मिळतात. करार करताना वाहतूकदाराला आधी हे विचारा.

(२) ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक पेडल रस्त्यावर येताच एकमेकांना जोडा. शेतात वळायला ती सुटी लागतात. रस्त्यावर सुटी राहिली तर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर फिरतो.

(३) उतार सुरू होण्यापूर्वी गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये चढ चढता त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर न्यूट्रल नको, क्लच दाबून धरणे नको.

(४) फडातून रस्त्यावर येण्याआधी टायरचा चिखल काढा. रस्त्यावर पडलेला चिखल आणि पाचट त्याच दिवशी फावड्याने ओढून टाका. चिखल आपल्या शेताचा असतो, घसरणारा मोटारसायकलवाला मात्र कुणाच्याही घरचा असू शकतो.

(५) अवकाळी पावसाची पहिली सर आणि पहाटेचे दव यांना फसू नका. धूळ, तेल आणि थोडे पाणी मिळून निसरडे होते. अशा वेळी वेग निम्मा करावा, म्हणजे कर्ज चौथाई होते.

(६) भरल्या उसावर माणसे बसवू नका. मुकादमाला हे सभासदाने स्वतः सांगावे.

(७) बैलगाडी उतारावर बैलांच्या मानेवर येते. ओल्या उतारावर खेप हलकी ठेवा आणि मागे चाकाला लावायला दगड घेऊन एक माणूस चालवा.

आता सभासदांनी एवढा अभ्यास करावा. आपल्या शिवारातून काट्यापर्यंतच्या रस्त्यावर उतार कुठे आहे, ओल कुठे राहते, चिखल कुठे पडतो, याची यादी करा. प्रत्येक जागी आपल्या ट्रॉलीचा हप्ता आणि व्याज मांडा. जिथे व्याज हप्त्याच्या जवळ जाते ती जागा ड्रायव्हरला नेऊन दाखवा आणि आमच्या गट ऑफिसातही कळवा. वेग कमी करण्याची जागा त्या उताराच्या अलीकडे असते. उतारावर पोचल्यावर जे हातात उरते ते रस्त्याच्या मर्जीवर.

कळावे.

ऊस विकास अधिकारी